जिन्याची रुंदी

इमारतीचा मूळ नकाशा महापालिकेत सापडला नाही.
एकसष्ट सालची फाईल होती, आत वाळवीनं काढलेले जिने,
आपापल्या सोयीनं वर चढणारे.
म्हणून मे महिन्यात, पारा सेहेचाळीसवर,
मी टेप घेऊन गांधीबागेत उभी.

अर्जाच्या डोक्यावर छापलंय : विद्यमान इमारतींसाठी.
विद्यमान म्हणजे
जी अजून जळलेली नाही ती.

चौकीदाराचं नाव देवाजी निखारे.
लिहिताना पेन जरा थांबलं.
“हाव मॅडम, निखारेच.
एकतीस वर्षं झाले, अजून पेटलो नाई.”

जिना : एकशे पाच सेंटिमीटर.
त्यातून साड्यांचे गठ्ठे वजा,
इन्व्हर्टर वजा, चपलांची फळी वजा,
गेल्या उन्हाळ्यात बंद पडलेला कूलर वजा.
खर्र्याच्या पिचकाऱ्यांना जाडी धरत नाहीत.
उरले एक्कावन्न.
एक माणूस, आडवा होऊन,
घाई नसेल तर.

मागचं दार भिंतीत आहे.
पावसाळ्यात प्लास्टरवर चौकट उमटते, देवाजी म्हणतो,
कडीसकट.
दोघं भाऊ वेगळे झाले त्या वर्षी विटा चढल्या.
आता दोघंही नाहीत.
विटांचं मात्र कोणी वाटप केलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर अनसूयाबाई हेडाऊ, पिको-फॉल.
खिडकी एकच, तिच्यात कूलर,
ओल्या वाळ्याचा वास, आणि चिंध्या, चिंध्या.
विचारलं, आग लागली तर कुठून निघाल?
माझ्या कागदावर या प्रश्नापुढे
हो किंवा नाही एवढीच जागा.

त्यांनी पायाखालची मशीन थांबवली.
कूलरभोवतीची तार दाखवली.
“स्क्रू नाई ठोकू देले म्या. तारच बांधली.
कात्री हाताशीच रायते.
तार कापाची, कूलरले लाथ माराची,
तो पडते बोळीत, मंग आपुन पत्र्यावर.
पत्रा पाहून ठेवला हाय.”

कोणी सांगितलं तुम्हाला हे?

“कोन सांगन बाप्पा? रोज बसतो न मी इथं.”

खाली येऊन पत्रा पाहिला.
गंजलेला. एका कोपऱ्यात मांजर, पिल्लांसह.
देवाजी त्यावर उभं राहून दाखवायला निघाला,
मी बाही धरून ओढला त्याला.

रात्री टेबलावर अहवाल.
धूरशोधक : नाही. पाण्याची टाकी : आहे, पाणी नाही.
नळकांडं : एक, मुदत संपलेली, वर हार घातलेला, दसऱ्याचा.
मागचं दार : फोडून मोकळं करावं.
जिना : आठ दिवसांत रिकामा.
मग शेऱ्याच्या रकान्यात, जो अर्धा इंचच असतो,
बारीक अक्षरात लिहिलं :
तिसरा मजला, पूर्व खिडकी. तार. कात्री. पत्रा.
पत्रा आधी बदला.

साहेब विचारतील, हे कुठल्या कलमात बसतं?
बसत नाही.
सही केली, तारीख टाकली, शिक्का उमटला तिरपा.

दिवा मालवल्यावर आठवलं,
धुरात दिसत नाही काहीच,
आणि कात्री उजव्या हाताशी की डाव्या,
ते विचारायचं राहून गेलं.