दोन शतांश

गजन पिन रात्रभर निजते
ग्रॅनाइटच्या पाटावर, पिस्टनच्या शेजारी,
मायक्रोमीटर उशाशी.
वर सात वेळा धुतलेलं मांजरपाट.
टॉवेल नाही.
शेजारच्या शेडमध्ये टॉवेलच विणतात, तीन पाळ्यांत,
आणि त्यांची तूस भिंतीच्या फटीतून येऊन
मिस्त्रीच्या भुवयांवर बसते, चहावर बसते.
"एक तंतू आत गेला ना बे,
तेलाचं भोक बुजलं. मग बस बोंबलत."

मिस्त्री म्हणजे इरय्या मडूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी.
घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी,
लेथशी मात्र कन्नड,
कारण लेथ शिकवला इंडीच्या एका माणसानं
आणि शिव्या त्याच भाषेत लागू पडतात.

पहिल्या उन्हाळ्यात मी फार शहाणा होतो.
आयटीआयचा दाखला ताजा, खिशात व्हर्निअर.
तौफिक बागवानची मोटारसायकल, रविवारी कोल्हापुरात शर्यत,
नऊ हजार फेऱ्यांना तगेल असं इंजिन हवं.
भर दुपारी, पत्र्याखाली त्रेचाळीस अंश,
मी पिस्टनचं भोक होन केलं.
घासून घासून पिस्टन चटके देत होता;
पिन रांजणामागच्या कप्प्यातली, गार.
घातली तशी सुळकन गेली.
दोन शतांश, मी म्हणालो. बरोब्बर दोन.
मिस्त्री जेवत होता.
कडक भाकरी मोडल्याचा आवाज आला, बाकी काही नाही.

पहाटे पाचला, माग बदलीसाठी थांबलेले,
त्यानं तीच पिन आणि तोच पिस्टन पुढं सरकवला.
पिन अर्ध्यात थबकली.
अंगठ्यानं रेटली तर हलली,
माहेरून निघालेल्या पोरीसारखी, मागं बघत.
"पिस्टन तापला की फुगतो. पिन त्याच्या निम्मीच फुगते.
तू दुपारचं माप घेतलंस.
दुपारचं माप दुपारपुरतं.
गार इंजिनाला किक मारणार तो तौफिक, तुझ्या दुपारीला नाही."

मग त्यानं आईचं सांगितलं, न विचारता.
दिवसाला हजार विड्या वळायची ती.
घट्ट वळली तर ओढत नाही,
सैल वळली तर दोन झुरक्यांत विझते.
कारखान्याचा माणूस सूप उपडं करून विड्या फेकायचा,
आईच्या कधी फेकल्या नाहीत.
ती अंगठ्यानं बघायची, डोळे दुसरीकडंच,
बहुतेक चुलीवर. "शिकली कुठं होती ती?"
हे त्यानं मला विचारलं की लेथला, कळलं नाही.

होनचे दोन हात. मग थांबायचं.
पिस्टन गार होईतो नुसतं बसायचं.
तिसरा हात मारू का, असं विचारलं की
"घाई कशाला करलालास बे?"
माप बघायचं, परत दोन हात.
आमच्याकडं सूत म्हणजे दोरा,
सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग,
आणि दोघांचं जुळलं तर तेही सूतच;
पण इथं सुताचं काम नाही,
इथं केसाचे चार भाग करून
त्यातला एक तेलासाठी सोडायचा.
बाकी तिघांचं काय करायचं
ते मला अजून कळलेलं नाही.

सातला उन्हाची पहिली तिरीप शटरखालून आली
तेव्हा त्यानं पिस्टन आडवा धरला, मग उभा.
तेल लावलेली पिन
स्वतःच्याच वजनानं उतरायला लागली.
पडली नाही. उतरली.
जिना माहीत असलेल्या म्हाताऱ्यासारखी.
मिस्त्रीनं खाली तळवा धरला होता,
आणि सबंध वेळ तो तिच्याकडं बघतच नव्हता.

तौफिक तिसरा आला, क्लच जाळून.
बक्षिसाचं कुणी विचारलं नाही.
"वरनं टकटक?"
"नाही."
"सकाळी पहिल्या किकला?"
"नाही ओ."
मिस्त्रीनं चहावरची तूस बोटानं काढली.

आता पहाटेचं माप मी घेतो, त्याचा अंगठा कापतो.
परवा पिन हातात घेऊन
मी तौफिकच्या भावाशी बोलत राहिलो,
पाच मिनिटं असतील.
मिस्त्रीनं येऊन ती काढून घेतली,
पाटावर ठेवली, मांजरपाट ओढलं.
"आता तासभर थांब," म्हणाला.
"हातसुद्धा ऊनच असतंय बे."