अर्धा तास उभं

मंगळवारी सकाळी, उपाशीपोटी,
एक गोळी, पेलाभर नळाचं पाणी,
आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही.
राउनी खिडकीशी उभी राहते.
खाली आउरा नदी, काठाला बर्फाची साय.
आठ वाजून गेले, तुर्कूत अजून उजाडलेलं नाही.

अठ्ठावीस वर्षं तिने हे औषध
दुसऱ्यांना टोचलं.
पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या उंदरीणी,
अंडाशय काढलेल्या, कानाला क्रमांक.
नावं ठेवायची नाहीत, साकारी म्हणायचा.
तिने एकतीस नंबरला ठेवलं. सांगितलं नाही.

मग पायाचं हाड,
हिऱ्याच्या पात्याने कापलेलं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं.
भिंगाखाली लाल रंगलेल्या पेशी, हाड खाणाऱ्या.
औषध नसलेल्यांत त्या पोटावर पालथ्या,
खाली खळगा, खळग्यात आम्ल,
हाडाची चाळण झालेली.
औषध दिलेल्यांत त्याच पेशी,
फुगलेल्या, उलट जास्तच मोठ्या,
पण हाडापासून सुटलेल्या.
ताट समोर आणि तोंडाला चव नाही.

साकारीने त्या दिवशी दालचिनीचे पाव आणले.
सगळ्यांनी उभ्या उभ्या खाल्ले.

एकतीस नंबरच्या हाडात मात्र
दोन पिवळ्या रेषा दिसायला हव्या होत्या,
दोनदा टोचलेल्या रंगाच्या,
मधली फट म्हणजे दहा दिवसांचं नवं हाड.
तिथे एकच रेष. तीही पुसट.
पाडणारा कामावर आला नाही
तर गवंडीही घरी बसला.
तिने वहीत लिहिलं : एकच. बघावं.
पुढे तो आकडा सरासरीत गेला,
सरासरी चांगली होती.

तिची तक्रार नाही.
आई कॉफीचं भांडं घ्यायला वळली
आणि खुब्यात मोडली, पडण्याच्या आधीच.
पुढचे सात महिने पलंग, मग तोही नाही.
तेव्हा ही गोळी दुकानात नव्हती.
हेल्मी, म्हणजे मोती. आईचं नाव.
उंदरीणीचंही तेच.

वीस मिनिटं झाली.
गोळी आता कुठे असेल?
हाडात गेली की वर्षानुवर्षं हलत नाही म्हणतात,
हाडीमासी खिळणं म्हणजे हेच असावं.
राउनी आपलं मनगट दाबून बघते, उगीच,
जसं कुणी बंद दुकानाचं दार ढकलून बघतं.
आत कोण काम करतंय,
कोण नुसतं बसलंय,
बाहेरून कळत नाही.

स्वीडनहून आलेली बोट भोंगा देते.
भांड्यातल्या कॉफीला अजून हात लावायचा नाही.
दहा मिनिटं. ताठ.