काटा लालात

कात्रजच्या जुन्या बोगद्यात शिरले, दिवे लावले
आणि काटा उठायला लागला.
हजेरीत नाव पुकारल्यावर पोर उठतं तसा,
नाइलाजाने, पण थेट लालात.

बोगद्यापलीकडे गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं.
वाफ नाही. वास नाही.
रेडिएटरसमोर तळहात धरला :
रोजच्याइतकीच धग, एक चटका जास्त नाही.
टेम्पोवाल्याने बाटली पुढे केली, "पाणी घाला, मावशी."
पाणी होतं. डबी काठोकाठ होती.
तरी बाटली घेतली. प्यायले.

एकतीस वर्षं मी वेधशाळेत थर्मामीटर तपासले.
पेंढ्यात गुंडाळून यायचे, बुलढाण्याचे, देवगडचे,
प्रत्येकाची चूक काढून कार्डावर लिहायची,
अधिक दोन दशांश, उणे एक.
चूक असणं हा गुन्हा नव्हे, पेंडसेबाई म्हणायच्या,
ती रोज वेगळी असली तर मात्र फेका.

जुन्या मोटार स्टँडामागे दस्तगीरचं गॅरेज.
तिथे भर दुपारी काटा मध्यावर,
पाहुण्यांसमोर बसावं तसा.
"बाई, काही नाही हो गाडीला."
तरी त्याने थर्मोस्टॅट बदलला.
पुढच्या आठवड्यात सेन्सर.
गद्रे म्हणाले, छत्तीस वर्षांची मारुती, द्या भंगारात.
ते हे दर दिवाळीला म्हणतात.

काढलेला सेन्सर मी घरी आणला,
दोऱ्याने चहाच्या पातेल्यात टांगला,
शेजारी निरोपसमारंभातला थर्मामीटर.
(शाल देऊन टाकली. हा ठेवला.)
पन्नासला एकशे चाळीस ओहम.
सत्तरला ऐंशी. नव्वदला बेचाळीस.
निवताना पुन्हा तेच आकडे, उलटे.
निर्दोष होता बिचारा, आणि आम्ही त्याला बडतर्फ केलेलं.
चहाला आठवडाभर पितळेची चव.

मग एका संध्याकाळी, सिमला ऑफिसच्या सिग्नलला,
दिवेलागणीची वेळ. मी दिवे लावले.
काटा निघाला लालाकडे.
या वेळी त्याच्या शेजाऱ्याकडे पाहिलं.
पेट्रोलचा काटाही चढत होता,
गुपचूप, पाव टाकीवरून पाऊण टाकीकडे,
कुणी थेंबही न घालता.
दिवे विझवले. दोघं खाली यायला लागले.
लावले. दोघं वर.
सिग्नल कधी हिरवा झाला कळलं नाही.
मागचा रिक्षावाला काय बोलला ते लिहीत नाही.

दस्तगीरने ऐकून घेतलं, बिडी न पेटवता.
"दोन्ही?"
"दोन्ही."
"मग इंजिन सोडा. मीटरला अर्थ मिळत नाही."
मी हसले. दोन महिने मलाही तो लागत नव्हता.

त्याचा भाचा इलियास डॅशबोर्डखाली उताणा शिरला,
दारात नुसत्या चपला.
एक काळी वायर, एक दहा नंबरचा बोल्ट,
बोल्टखाली गंज, आणि गंजावरच
कधीतरी कुणीतरी मारलेला रंग.
पॉलिश पेपर. दहाबारा हात.
नखाएवढा पत्रा चकाकला.

स्पार्क प्लगच्या खोक्यामागे बिल :
अर्थ साफ केला, रु. ३०.
मी पन्नास दिले. त्याने वीस परत केले.

इलियासने दिवे लावले.
आम्ही दोघं खिडकीतून वाकलो.
तापमानाचा काटा मध्याच्याही जरा खाली थांबला,
हलेना.
पेट्रोलचा मात्र उतरू लागला,
पावाखाली, रेघेखाली,
उतरतच गेला.

"पंप कुठे जवळचा?"
दस्तगीर म्हणाला, रास्ता पेठेत.
इलियास आधीच चपला घालत होता.