लहान जनावर, मोठं जनावर

मोठ्या जनावराला पंधरा किलो,
लहानाला साडेसात.
लहान म्हणजे वासरू, रेडकू.
मेंढी लहानातही नाही, मोठ्यातही नाही.
मेंढीला रकानाच नाही.

हे मी मायाक्का लवटेला तीनदा सांगितलं,
दरीबडचीच्या माळावर, छावणीच्या तोंडाशी,
पत्र्याच्या टेबलावर रजिस्टर उघडं ठेवून.
तिच्यामागे अडतीस माडग्याळी मेंढ्या,
पोपटनाकी, लांब कानांच्या,
एकमेकींच्या सावलीत डोकी खुपसून उभ्या.
ती म्हणाली, "मग ही काय हायती? पाखरं?"

चारा रात्री येतो. कृष्णाकाठचं वाडं,
ट्रकभर, पानांची धार अजून ओली.
ताडपत्री सोडली की वास सुटतो
पाटाचा, चिखलाचा, भरल्या नदीचा.
नदी आमच्याच जिल्ह्यातली.
जे पाणी इथवर चढलं नाही
ते उसात शिरलं,
आणि उसाचा शेंडा होऊन
मदतीच्या पावतीसह आलं.
पावतीवर आभाराची ओळ छापलेली होती.
मी सही केली, शिक्का मारला.

लोक म्हणतात, पावसानं दगा दिला.
बहात्तर साली आई याच माळावर खडी फोडायची,
पदरात सुकडी बांधून आणायची.
ती कधी पावसाचं नाव घ्यायची नाही.
म्हणायची, ज्वारी होती की रं.
दुकानात होती.
आपल्याकडं पैकं नव्हतं.

चेअरमननी बजावलेलं,
आकडा नऊशेच्या खाली जाऊ द्यायचा नाही.
खरी जनावरं सहाशे बारा.
बाकीची माझ्या अक्षरात रवंथ करतात.
त्यांना शेण नाही, माश्या नाहीत,
त्यांचे कानातले बिल्ले टेबलाच्या खणात.
कंटाळा आला की मी त्यांना रंग देई.
एकीला कोसी लिहिलं,
एकीला खिलार, गाभण.

चौथ्यांदा मायाक्का आली तेव्हा बोललीच नाही.
नुसती बसली.
मी खण उघडला.
दहा गायींचे बिल्ले मोजून तिच्या ओंजळीत टाकले.
दहा पंधरं दीडशे.
काट्यावर मी पहिल्यांदाच
दोन किलो जास्त जाऊ दिले.

मेंढ्यांनी हुंगलं, माना फिरवल्या.
वाड्याच्या पानानं ओठ कापतात.
मग ती रात्रभर विळ्यावर बसली,
बोटबोट तुकडे करत.
अकरा रात्री तो आवाज
माझ्या खाटेपर्यंत येत होता.

बाराव्या दिवशी तपासणी.
आदल्या रात्री टेम्पो भरभरून
पाव्हणी जनावरं आली, दावणीला लागली,
साहेबांपुढं शेपट्या हलवत उभी राहिली.
कुणाचं काही अडलं नाही.
अडलं ते एका मेंढीपाशी.
चारा बिल्ल्यावर मिळतो हे मायाक्काला कळलेलं,
म्हणून तिनं सुतळीत ओवून
दहा जणींच्या गळ्यात दहा बांधलेले.
साहेब वाकले. नंबर वाचला. रजिस्टर पाहिलं.
"गाय," ते म्हणाले, "खिलार, गाभण."
कुणीतरी हसलं.
बहुतेक मीच.

दुसऱ्या दिवशी कळप निघाला, पूर्वेला, हद्दीपलीकडे.
मी विचारलं, तिकडं तरी चारा आहे का?
"तिकडंबी असंच," ती म्हणाली,
"फकस्त बोली बदलती."
मला नोटीस आली.
दोनशे अठ्ठ्याहत्तर गायी
होत्या तिथंच चरत राहिल्या.

आणि तेविसाव्या दिवशी पत्र आलं:
शेळी-मेंढीसही चारा मंजूर.
मी पट्टी घेऊन नवा रकाना आखला,
लाल शाईनं, सरळ.
वर लिहिलं: मेंढी.
खाली पानभर कोरं.

दहा बिल्ले अजून जमा व्हायचे आहेत.
ऑडिटवाले दर महिन्याला विचारतात.
मी सांगत नाही त्यांना, की विजापूरच्या वाटेवर कुठंतरी
एक पोपटनाकी मेंढी
सरकारी नंबर गळ्यात घालून
काटेरी बाभळीखाली शेंगा शोधत असेल,
आणि कागदावर ती अजून
व्यायची आहे.