सोळावी पायरी

चैत्रात आमच्या टिनावर रात्रभर मोह पडतो.
एक. मग बराच वेळ काही नाही. मग दोन.
पहाटेपर्यंत मी मोजत राहतो,
कारण हे टीन माझ्या पैशाचं नाही.

रेतीघाटाच्या ठेकेदाराने दिलेले चौदा पत्रे.
मी फक्त एवढंच कळवलं होतं
की नथनेल शेंडे उद्या कागद घेऊन तहसीलला जाणार,
बंधाऱ्यावरून, एकटा, सायकलने.

आणि हे मला नथनेलनेच सांगितलं होतं,
गुरुवारी, प्रभुभोजनानंतर, चर्चच्या ओट्यावर
सतरंजी झटकता झटकता. मी विचारलं नव्हतं.
वर म्हणाला, "यंदा तुह्या घरावर टीन येते वाटते."
ती गोष्ट दोघांतच होती, ठेकेदारात आणि माझ्यात.

मग वर्षभर मी एकच वाद घातला,
घंटेच्या दोरीशी; पाळकांशी नाही.
त्याला ठाऊक होतं, तर रस्ता काऊन नाही बदलला?
आणि वरच्याला तर जग होण्याआधीपासून ठाऊक,
मग मी कोण? शाई. लिहिणारा दुसराच.
मोहाचं फूल पडणार हे अख्ख्या गावाला माहीत असतं,
म्हणून काय फुलाचा पंचनामा करतात?

बरा वाद होता. पावसाळाभर टिकला.
मग एकदा टाकीवर चढलो, दिवा बदलायला.

आमच्या गावात रेंज नाही.
पाण्याच्या टाकीच्या शिडीवर, सोळाव्या पायरीला, दोन काड्या येतात.
त्या रात्री मी चपला खाली काढून चढलो होतो.
तिसरीवर लुंगी अडकली. सोडवली.
सातवीवर कुत्रं भुंकलं म्हणून थांबलो.
अकरावीवरून नथनेलच्या घरचा दिवा दिसला.
मागून कुणी ढकललं? मागे नुसती हवा.
मी चढणार हे त्याला ठाऊक होतं;
पण प्रत्येक पायरी त्याने
उतरायलाही तेवढीच रुंद ठेवली होती.

फूल देठ सोडताना 'हॅलो' म्हणत नाही.
मी म्हणालो.

नथनेल आता डावा पाय ओढत चालतो.
आज उत्तम शुक्रवार. पहाटेच टोपली घेऊन आला,
दरवर्षी येतो तसा, माझ्या दारच्या मोहाखाली.
वाकता येत नाही, बसून सरकत सरकत वेचतो.

मला त्या दुसऱ्याची आठवण येते
ज्याने नाणी फेकली आणि दोर शोधला.
घाई केली त्याने. रविवारपर्यंत थांबायचं होतं.
ज्याला त्याचं चुंबन आधीच दिसलं होतं
त्याला पाण्याकाठचा विस्तवही दिसत होता,
निखाऱ्यांवरचे मासेही. कुणी मोजले नाहीत,
पण मला वाटतं, एक जास्तीचा होता.

दार उघडलं. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.
त्याने वर पाहिलं नाही, टोपली जरा माझ्याकडे सरकवली.
"बस," म्हणाला, "ऊन चढाच्या पह्यले वेचून घेऊ."

मी बसलो. अजून सांगितलेलं नाही.
त्याला ठाऊक आहे.
तरी सांगावं मलाच लागेल.