हळकुंड

मार्केट यार्डात सौदा निघतो तेव्हा
खरेदीदार ढिगातलं एक हळकुंड उचलतो,
कट्कन मोडतो,
आतला रंग बघतो
आणि भाव बोलतो.
मी शेजारी बसून पट्टी लिहिते. अकरा वर्षं झाली.
पोराला असं मोडून बघता येत नाही.

विश्रामबागेत एका बंगल्यात ती शाळा.
दारात चिमुकल्या चपलांची ओळ
आणि आत इतकी शांतता
की मला वाटलं आज सुट्टीच आहे.
एक तास बसायची परवानगी.
बोलायचं नाही.
पोरानं हाक मारली तर नुसतं हसायचं.
कुसनाळे बाईंनी खुर्ची दिली तीही पोरांच्याच मापाची.
गुडघे हनुवटीशी घेऊन बघत राहिले.

श्रेणिकनं चटई पसरली. तिरकी झाली.
गुंडाळली, परत पसरली.
एका तांब्यातलं पाणी दुसऱ्यात,
दुसऱ्यातलं पहिल्यात.
सांडलं.
माझा हात ओढणीकडं गेलाच होता,
तोवर तो उठला, खुंटीवरचं फडकं आणलं,
पुसलं, फडकं पिळून वाळत घातलं
आणि परत पहिल्यापासून.
सतरा वेळा. मी मोजलं, दुसरं काय करणार.
घरी त्याचा पेला मी भरते,
ओठाला मी लावते,
घोट मोठा घे, रिक्षा आली.

तिथनं निघाले ती पिवळीधमक होऊन.
अर्ध्या हळकुंडानं.

भूपाल मोटारी रिवाइंड करतो.
वर न बघता म्हणाला, फी किती?
सांगितली.
तार गुंडाळायची थांबली.
वेढ्यांचा आकडा चुकला म्हणून
सगळं उलगडायला लागला.
मग बऱ्याच वेळानं:
"हात शिकला की डोकं येतंच मागनं, ते खरंय.
मी तरी हे कुठं शाळेत शिकलो?
जळक्या मोटारी खोलत शिकलो.
पण पहिलीला तिथनं उचलून
साठ पोरांत नेऊन बसवलं, घंटा झाली,
तवा हा मधेच पाणी ओतत असला तर?"

मला उत्तर आलं नाही.
कुसनाळे बाईंच्या गुळगुळीत माहितीपत्रकात होतं,
पण ते त्यांचं उत्तर.

आणि शेजारची आफ्रीन मिरज रोडच्या शाळेत जाते,
टाय लावून, पिवळ्या बसनं.
संध्याकाळी गॅलरीत उभी राहून
पाढे असे म्हणते, जसं काही गल्लीला हुकूम सोडतेय.
मजेत आहे पोरगी.
खोटं कशाला बोलू.

रात्री लाइट घालवल्यावर विचारलं,
आवडली का रे शाळा?
हो, म्हणाला.
झोपला असं वाटलं,
मग अंधारातनं:
"मम्मी, तिथं ओरडायचं कधी असतं?"

हरिपूरच्या संगमावर
पलीकडच्या काठाला नाव सांगणारं हे पोर.
तिकडनं कुणी ओ देत नाही,
तरी हा थांबतो, कान देऊन,
आणि परत सांगतो.

फॉर्म शनिवारपर्यंत द्यायचाय.
'पाल्याचा स्वभाव', खाली दोन ओळी मोकळ्या.
शांत लिहिलं. खोडलं.
हट्टी लिहिलं. तेही खोडलं.
मग लक्षात आलं, कागदावर कडेला
माझ्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटलाय,
आता तो काही निघत नाही.

आज सकाळी शर्ट त्याच्याकडं दिला
आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.
पहिलंच बटण दुसऱ्या काजात.
माझी बोटं वळवळली.
खाली रिक्षाचा हॉर्न. एक. दोन.
शेवटी एक काजं वर उरलं,
एक बटण खाली लोंबलं.
त्यानं मान वाकवून बघितलं,
मग माझ्याकडं.
मी शाळेतल्यासारखी नुसती हसले.

"असू दे," म्हणाला,
आणि तसाच, वाकड्या शर्टात,
जिनाभर ओरडत खाली गेला.