दहा पॉइंट नऊ

नाणेघाटामागच्या कच्च्या वाटेवर
मागल्या शनिवारी एक दगड मला दिसलाच नाही.
जिप्सीच्या पुढच्या टायरला दिसला.
म्हणून कुर्ल्यात, सीएसटी रोडवर,
परकारच्या दुकानापुढे बॉनेट उघडून उभी राहिले,
हातात शंभर-नव्वद वॅटच्या बल्बचा खोका.
"हे घाला. जुने पिवळे पडलेत."

परकार राजापूरकडचा.
आधी मीटर लावतो, मग तोंड उघडतो.
बॅटरीवर लावला : बारा पॉइंट सहा.
बल्बच्या पाठीमागे लावला : दहा पॉइंट नऊ.
"बघितलंत बाई? निघताना बारा-सहा, पोचताना दहा-नऊ.
पगारासारखं झालंय.
बल्ब बिचारा काय करील,
ताटात पडतं तेवढ्यावर जळतोय."

तीस वर्षांची वायर,
स्टेअरिंगच्या गळ्यातून, स्विचच्या पोटातून
सगळ्या नातेवाइकांना भेटत येणारी.
तिच्यावर शंभर वॅट टाकले तर वितळेल, म्हणाला,
मग अंधार तर अंधार, वर धूर.

तर रिले. दोन.
चार एमएमची लाल वायर थेट बॅटरीहून,
मध्ये फ्यूज,
काळी वायर चासीला,
तिथला रंग खरवडून, लोखंड हसेपर्यंत.
बल्ब त्याने साधेच घातले, साठ-पंचावन्नचे.
माझा खोका माझ्याच हातात परत.
काचेला बोट लावू दिलं नाही :
"बोटाचं तेल राहतं. तापला की तिथंच फुटतो."
सदऱ्याच्या टोकात धरून बसवला,
कोंबडीखाली अंडं सरकवावं तसा.

आता बीम लावायचा.
त्याला पाहिजे अंधार,
आणि तो या शहरात भाड्यानेही मिळत नाही.
खांबांवर पालिकेचे पांढरे दिवे,
मेट्रोच्या खड्ड्यावर फोकस,
केक शॉपची पाटी रात्रभर जागी.
"दारुखान्यात माझी एक भिंत आहे," परकार म्हणाला,
जसं कुणी म्हणतं, माझा एक डॉक्टर आहे.

रे रोड उतरून, भंगाराच्या वखारींमागे,
जहाजांच्या साखळ्यांचे ढीग ओलांडून,
साडेदहा वाजता.
पंचवीस फूट पावलांनी मोजले.
खडूच्या दोन फुल्या, एक आडवी रेघ.
"मारा लाइट."

भिंत दचकली.
पोपडे, गंजाचे ओघळ,
'गॅसकटर भाड्याने मिळेल', खाली खोडलेला नंबर,
एक पाल, जिला कुणी विचारलं नव्हतं,
आणि कोपऱ्यात खुर्चीवर वॉचमन,
डोळ्यांवर आडवा हात.

"आधी त्याच्यापुरतं लावू," परकार म्हणाला,
"समोरचा आंधळा झाला की आपल्याच अंगावर येतो."
स्क्रू अर्धा फेरा. पाव.
प्रकाश वॉचमनच्या कपाळावरून छातीवर,
छातीवरून गुडघ्यांवर, चपलांवर.
त्याने हात खाली घेतला, विडी काढली.

"झालं. बघा रेघ, विळीवर चिरल्यासारखी."

मी बघितली.
रेघ नव्हती. कापूस होता.
फुल्यांभोवती रंगीत कडी,
हळदीची, जांभळी.
छान दिसत होती, खरं तर.
"परकार, उजवा जरा फाटतोय ना?"

तो भिंतीकडे बघत राहिला,
मग माझ्याकडे,
मग सभ्यपणे पुन्हा भिंतीकडे.
मीटर लावला. दोनदा.
"बारा-तीन पोचतायत बाई. बल्बपर्यंत."
पुढचं त्याच्या मीटरमध्ये येत नव्हतं.

एक डोळा मिटला. मग दुसरा.
डाव्याने रेघ.
उजव्याने कापूस.

वॉचमन म्हणाला, ताई, दोन मिनिटं असू द्या,
माचिस कुठे पडली बघतो.
असू दिला.
बॅटरी उतरेल, असं परकार म्हणाला नाही.
तो माणूस खुर्चीखाली वाकून
आमच्या उजेडात चाचपडत होता,
माचिस त्याच्या मांडीखाली होती,
तिघांपैकी कुणाला आधी दिसली, आठवत नाही.

परतताना चावी परकारला दिली.
"तुमचंच काम, तुम्हीच चालवून बघा."
तो हो म्हणाला, लगेच,
जरा जास्तच लगेच.
माझ्या मांडीवर जुने दोन बल्ब,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
उगाच नावं ठेवली त्यांना.